फिटिंग सोडून भाव

हॉस्पिटलनं ताईला फसवलं नाही. ताईला फसवलं मी, तिच्या सख्ख्या भावानं.

हे वाक्य इतकी वर्षं मी कोणासमोर उच्चारलं नाही. बायकोसमोर नाही, मुलांसमोर नाही. याच्या नेमकं उलटं मात्र भेटेल त्याला सांगितलं. उत्तरेतल्या आमच्या शहराच्या लश्कर भागातल्या कुठल्याही मराठी घरात विचारा, सुमनताईंच्या गुडघ्याचं काय झालं? उत्तर मिळेल, “हॉस्पिटलवाल्यांनी लुटलं बिचारीला.” ते शब्द माझे आहेत. मी ते इतक्या तावातावानं सांगत आलो की मधे काही काळ मलाही ते खरे वाटायला लागले होते. तुमचं कधी झालंय असं? राग खरा असतो — मग गोष्टही खरीच असणार, असं वाटतं?

आधी माझ्याबद्दल सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

नया बाजारात माझं पंपांचं आणि पाइपांचं दुकान आहे. वडील एका कचेरीत चौकीदार होते. मी दुसऱ्यांचे पाइप हातगाडीवर ओढत सुरुवात केली आणि स्वतःच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसलो. मला कोणी काही फुकट दिलं नाही, आणि मीही कोणाला पहिल्या भावात काही घेऊ दिलं नाही. आमच्या ओळखीत कोणाचं लग्न ठरलं की हॉल, केटरर, सोनार — सगळीकडे मला पुढे घालून नेतात. समोरचा माणूस कुठे नरम पडेल हे मला त्याच्या बसण्यावरून कळतं. याचा मला केवढा गर्व होता, काय सांगू.

माझ्या दुकानात पंपाला दोन भाव असतात. एक फिटिंगसकट, एक फिटिंग सोडून. गिऱ्हाईक विचारतं, “सेठजी, फिटिंग मिलाके बताओ.” मी सांगतो. आता खरं सांगतो — फिटरला मी जे देतो आणि गिऱ्हाइकाकडून जे घेतो, त्यात भरपूर अंतर असतं. पंपावर फार सुटत नाही, फिटिंगवर सुटतं. म्हणून जो फिटिंग सोडून नेतो त्याला मी मनातल्या मनात शहाणा म्हणतो. त्यानं नेलेल्या पंपाचं पुढे काय होतं? पुष्कळदा तो चुकीचा बसवतात आणि जळतो. तेही मला माहीत आहे. पण तो माझा प्रश्न नसतो.

सुमनताई माझी मोठी बहीण. तिचे यजमान लवकर गेले. खासगी बाजार नावाच्या पेठेत एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि शिवणकाम करायची. ब्लाउज, परकर, लग्नमुंजीसाठी शिवलेल्या नऊवारी. दिवसभर बायका मापं द्यायला वर यायच्या, आणि मापापेक्षा गप्पाच जास्त व्हायच्या. मी किती वेळा म्हणालो, माझ्याकडे राहायला ये, खाली अंगण आहे, सगळं आहे. म्हणायची, “येईन ना. राहणार नाही.” तिथला जिना दगडी आणि उभा, एका बाजूला धरायला दोर बांधलेला. गुडघा गेला तसा तिला तो जिना जड व्हायला लागला. भाजीची टोपली वरून सोडायची, औषध कोणाला तरी आणायला सांगायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, सांधा बदलावा लागेल. ताई त्यांना म्हणाली, “मला काही पळायचं नाही. माझा जिना मला चढता आला पाहिजे, बस.” डॉक्टर हसले. “चढाल,” म्हणाले.

तिला एवढंच हवं होतं. हे लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

पैसे तिचेच होते, शिवणाचे, वर्षानुवर्षं बाजूला टाकलेले. मी देतो म्हणालो तर रागावली. सगळे माझ्या हातात दिले आणि म्हणाली, “व्यवहार तू बघ, बाळू. तुला कोणी फसवत नाही.”

बिलाच्या खिडकीवर एक मराठी मुलगी होती, मुरार भागातली, शलाका नावाची. तिनं मला नीट समजावून सांगितलं. पॅकेज ठरलेलं आहे. त्यात आधीच्या तपासण्या, सांधा, ऑपरेशन, वॉर्ड, टाके काढणं, नंतरचं डॉक्टरांचं बघणं, आणि घरी गेल्यावर व्यायाम घ्यायला येणारा फिजिओ, सगळं आलं. वरून काही लागणार नाही.

“सगळं आलं म्हणजे त्यात काहीतरी घुसडलेलंही आलं,” मी म्हणालो.

“नाही हो काका,” ती हसली. “घुसडायला जागाच नाही.”

मी मॅनेजरला बोलावलं. मी दुसऱ्या हॉस्पिटलचे भाव सांगितले — काही खरे, काही बनवलेले. उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. तो बधला नाही. “भाईसाहब, इम्प्लांट का रेट तो ऊपर से आता है, उसमें मैं क्या करूँ?” पण मी उठत नाही म्हटल्यावर त्यानं आवाज खाली आणला. “हटाना ही है तो घरवाला फिजियो हटा दीजिए. पॅकेज तोड़ने का नियम नहीं है, मैं डिस्काउंट दिखा दूँगा.”

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, सापडलं. हे यांचं फिटिंग!

इथे माझी चूक आहे, आणि ती साधी चूक नाही. मी जिथे जास्तीचे लावतो, तिथेच समोरचाही लावत असणार — हे मी धरूनच चाललो. त्याच्या धंद्यात शेवटचं काम हेच खरं काम असेल, असं माझ्या डोक्यातही आलं नाही. मी माझ्या लबाडीच्या मापानं दुसऱ्याचं बिल मोजलं.

ती मुलगी मधे बोलली. मॅनेजरसमोर बोलायची तिला गरज नव्हती. “काका, फिजिओ नका काढू ना. ऑपरेशन के बाद वही तो असली काम आहे. गुडघा जाम होऊन जातो, मी बघितलंय.”

“पोरी,” मी म्हणालो, “मी लोकांना फिटिंग विकतो. मला नको शिकवू.”

मॅनेजर हसला. तिनं सवलत लावून दिली.

वाचलेले पैसे मी ताईच्या हातात ठेवले. एक पैसाही माझ्याकडे ठेवला नाही, ही माझी शेखी. तिनं अख्ख्या वॉर्डात सांगितलं, “आमचा बाळू डॉक्टरांनासुद्धा सोडत नाही.” मी तिथेच उभा होतो, ऐकत. आवडलं मला.

ऑपरेशन चांगलं झालं. वॉर्डात होती तोवर तिथला माणूस येऊन पाय वाकवून घ्यायचा. मग वॉर्डातून सुट्टी व्हायच्या दिवशी ताई मला म्हणाली, “शेजारच्या पलंगावरच्या बाईंकडे घरी मुलगा येणार आहे म्हणे व्यायामाला. आपल्याकडे कधी येणार?”

तेव्हा सांगता आलं असतं. अगं, ते मी काढून टाकलं, पण लावून देतो — इतकं सोपं होतं. मी काय म्हणालो? “तुझा गुडघा उत्तम बसलाय, डॉक्टर म्हणाले. ज्यांचा नीट बसत नाही त्यांना लागतं ते.”

तिचा चेहरा फुलला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायला लागली. शेजारच्या पलंगावरची बाई ओशाळी झाली — जणू तिच्याच गुडघ्यात काही खोट होती.

ताईला मी माझ्या घरी थाटीपूरला आणलं, बरी होईपर्यंत. पाय वाकवला की दुखायचं, म्हणून ती वाकवायची नाही. मी तिच्या गुडघ्याखाली मऊ उशी ठेवायचो. हो, मीच, रोज, स्वतःच्या हातानं. आराम पडतो म्हणायची. बायको एकदा म्हणाली, “अहो, कोणाला तरी बोलावू या का व्यायामाला? ताईंचा पाय जसाच्या तसा राहतोय.”

“पैसे काढायचे धंदे आहेत ते,” मी ओरडलो. मी ओरडलो की आमच्या घरात विषय संपतो.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, व्यायाम चालू आहेत ना? ताई पडद्याआड कपडे नीट करत होती. मी म्हणालो, “हो, चालू आहेत.” त्यानंतरच्या तारखेला मी तिला नेलंच नाही. दुकानात माल उतरायचा होता, असं काहीतरी सांगितलं.

तुम्ही विचाराल, कधीही एक माणूस लावता आला असता, पैशाला कमी नव्हती, मग? मीही हेच विचारतो. माणूस लावला असता तर सौदा खोटा ठरला असता. तो सौदा मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. एवढ्याचसाठी, दुसरं काही नाही.

गुडघा आखडत गेला. शेवटी ताई म्हणाली, मला घेऊन चल. तपासण्याच्या खोलीचं दार उघडं होतं, बाहेर हॉल माणसांनी भरलेला. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला, तो वाकेचना. त्यांनी विचारलं, “घरी व्यायाम कोण घेत होतं?”

ताईनं माझ्याकडे पाहिलं.

मी ओरडायला लागलो. तुमचा माणूस आलाच नाही. पॅकेजमध्ये होता की नव्हता? गरीब विधवा बघून लुटता का? डॉक्टर म्हणाले, मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात की चालू आहेत. मी आणखी आवाज चढवला. हॉलमधली माणसं उठून दाराशी आली. मी त्यांच्याकडे वळून बोललो — हे मला जमतं, गर्दीला आपल्या बाजूला घेणं. बिलाच्या खिडकीवरच्या त्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, “काका, तुम्हीच काढायला सांगितलं होतं. मी नको म्हणाले होते.”

“मला कोणी एक शब्द बोललं नाही,” मी म्हणालो. तिच्या डोळ्यात बघून म्हणालो.

मॅनेजर तिथेच उभा होता. त्याच्या कागदावर नुसती सवलत दिसत होती, फिजिओ काढल्याचं कुठे नव्हतं. खरं बोलला असता तर पॅकेज तोडल्याबद्दल त्याची नोकरी गेली असती. तो भिंतीकडे बघत राहिला. त्या माणसावर माझा अजून राग आहे. तो बोलला असता तर मी त्याच क्षणी पकडला गेलो असतो, आणि पुढचं घडलं नसतं. पाहा — माझं खोटं त्यानं का पकडलं नाही, म्हणून मी त्याच्यावर रागावून बसलोय. माझ्यासारखाच होता तो, एवढाच त्याचा गुन्हा.

इथवरचं कदाचित मी कधीतरी कोणाला सांगून टाकलंही असतं. घासाघिशीत चुकलो, तापट आहे, खोटं बोलून गेलो. माणसं असं बोलतात, बाकीचे ऐकून घेतात. पण यापुढचं आहे.

डॉक्टरांनी हात वर करून मला थांबवलं. थकल्यासारखे दिसत होते. म्हणाले, “कोणाचं चुकलं ते मी नंतर बघीन. आत्ता अजून वेळ गेलेली नाही. भूल देऊन सांधा मोकळा करता येतो, कापावं लागत नाही. मग रोज इथेच व्यायाम घेऊ. एक पैसा देऊ नका. यांना आजच दाखल करा.”

वाचलंत? वेळ गेली नव्हती. फुकट होतं. ताईचा जिना तिला परत मिळत होता.

मी नाही म्हणालो.

का? कारण ती पुन्हा तिथे राहिली असती तर रोज कोणीतरी तिच्या पलंगाशी आलं असतं. ती मुलगी आली असती. कोणीतरी तिला नीट बसून, पटेल असं सांगितलंच असतं. हा हिशेब मी एका श्वासात केला, माझं डोकं अशा वेळी फार जलद चालतं. “तुमच्या हातात माझी बहीण पुन्हा देणार नाही,” असं मी मोठ्यानं म्हणालो, हॉलला ऐकू जाईल असं, आणि चाकाची खुर्ची वळवली. ताई म्हणत होती, “बाळू, थांब जरा. ते काय म्हणतात ते ऐकू दे मला.” मी थांबलो नाही. गर्दीनं आम्हाला वाट करून दिली. एक म्हातारा म्हणाला, “भाई हो तो ऐसा.”

नंतर ताईनं दोन-तीनदा विषय काढला. मी म्हणालो, त्यात धोका असतो, हाड मोडतं. मग ती वेळ निघून गेली.

तेव्हापासून ताई माझ्या घरी आहे. पाय थोडासा वाकतो, जिन्यापुरता नाही. पायानं मशीन चालवता येत नाही म्हणून हातशिलाई करते, हेम घालते, हुक लावते. खासगी बाजारातल्या खोल्या तिनं सोडल्या नाहीत. तिथलं भाडं ती अजून भरते. बंद खोल्यांचं. मी म्हणालो, सोडून दे. म्हणाली, “बघू, उन्हाळ्यात जाईन.” कोणत्या उन्हाळ्यात ते ती सांगत नाही.

आणि मला मान मिळाला. बहिणीला कसं सांभाळतो पाहा, असं लोक म्हणायचे. आमच्या गणपतीच्या मांडवात कोणीतरी बातमी आणली, “तुम्ही ओरडलात, त्या बिलवाल्या पोरीला काढून टाकलं म्हणे.” मी म्हणालो, “काढायलाच हवं होतं.” प्रसादाची वाटी माझ्या हातात होती. मी खात राहिलो.

गेल्या महिन्यात ओळखीतले एक गृहस्थ घरी आले. त्यांच्या आईचा खुबा बदलायचा आहे. हॉस्पिटलात भाव करायला मी बरोबर यावं म्हणून आले होते. मी काही बोलायच्या आत ताई आपल्या खुर्चीवरून म्हणाली, “न्या हो याला. हा असला की तुम्हाला कोणी फसवणार नाही.”

चेष्टेनं म्हणाली का? मला कळलं नाही. तिचा चेहरा साधा होता. ते गृहस्थ माझ्याकडे आशेनं बघत होते, जसे सगळे बघतात. मी त्यांना कसंबसं वाटेला लावलं. दार लावून परत आलो आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. सगळं सांगितलं. या क्रमानं नाही, उलटसुलट. डॉक्टरांना मी नाही का म्हणालो, ते शेवटी.

ती हुक लावत होती. दोरा तोडला आणि म्हणाली, “मला वाटायचं तू पैसे खाल्लेस.”

तिनं सुईत नवा दोरा ओवला.

“तू वॉर्डात मला म्हणालास, तुला गरज नाही. आणि तिथे ओरडलास की यांनी पाठवला नाही. दोन्ही कसं खरं असेल? मला वाटलं, जास्त पैसे सुटले असतील, दुकानाला लागले असतील तुझ्या. म्हणून विचारलं नाही. घरात राहायचं, आणि भावाला चोर कसं म्हणायचं?” मग म्हणाली, “खाल्ले असतेस तर मी समजले असते रे. हे मला समजत नाही.”

मी पाय धरायला गेलो. “पायाला हात नको लावूस,” म्हणाली, “दुखतो.” मग पुढचा ब्लाउज घेतला. जरा वेळानं विचारलं, “त्या पोरीचं काय झालं?”

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी चौकशीही केली नव्हती.

“मग आधी ते बघ. माझा गुडघा आता कुठे जातोय?”

शलाका एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसते. मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा तिनं मान वर केली आणि मला ओळखलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. “रिपोर्ट घ्यायचाय का काका?”

मी म्हणालो, त्या दिवशी मी खोटं बोललो. तू बरोबर होतीस. मला माफ —

“काका,” ती म्हणाली, “हे मला कशाला सांगताय? मला तर माहीतच आहे.” मागे कोणीतरी खाकरलं. ती आवाज न चढवता पुढे बोलत राहिली. “त्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर ओरडला होतात ना? डॉक्टरसाहेब होते, मॅनेजर होता, आमचा पूरा स्टाफ होता. मेरे पापा वहीं बैठे थे, मला न्यायला आले होते. तिथे जाऊन सांगा. उतनी ही ज़ोर से.” मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. “नेक्स्ट.”

तिचे वडील त्या गर्दीत होते, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर मी त्या हॉस्पिटलात दोनदा जाऊन आलो. नंबर घेऊन हॉलमध्ये बसलो. डॉक्टरांच्या खोलीचं दार तसंच उघडं असतं. माणसं बसलेली असतात, कोणाच्या हातात काठी, कोणाच्या मांडीवर एक्स-रे. मॅनेजर बदललाय. मी उठून उभा राहायचं ठरवलं, आणि दोन्ही वेळा माझा नंबर पुकारला जायच्या आत बाहेर पडलो. माझा आवाज नया बाजारात या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. तिथे तो निघाला नाही.

तर हे लिहिलं. लिहिणं म्हणजे ते नव्हे, हे मला कळतं. कागदावर आवाज लागत नाही आणि समोर कोणी बसलेलं नसतं. ती मुलगी जे मागतेय ते अजून द्यायचं राहिलंय. सुमनताईच्या गुडघ्याचा जाब कोणी त्या डॉक्टरांना विचारू नये. त्या मुलीला तर नाहीच. तो मला विचारायचा, सगळ्यांसमोर, आणि मी उत्तर देईपर्यंत मला बसू द्यायचं नाही.